सात दिवसांचे वतन

मुंबईचा मनुष्य रस्त्याने लोणावळ्यास निघो, अलिबागेस निघो की गणपतीसाठी तळकोकणात निघो, पनवेल ओलांडल्याखेरीज आपली सुट्टी सुरू झाली असे त्याला वाटत नाही; आणि ही परक्यांची सुट्टी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारावरून जाताना पाहत आलेल्या पनवेलकराच्या स्वभावात वैराग्य आणि असूया यांचे विलक्षण मिश्रण उतरले असेल, तर त्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये. शनिवारी सकाळी टपावर बॅगा बांधलेल्या गाड्यांची पळस्पे फाट्याकडे जी रांग लागते, तिच्याकडे पाहत हातात दुधाच्या पिशव्या घेऊन घरी परतणारा सद्गृहस्थ मनात काय म्हणत असेल, हे ताडणे कठीण नाही. तो म्हणत असतो की, एक दिवस आपणही जाऊ. परंतु असे उपऱ्यासारखे, हॉटेलवाल्याच्या मेहेरबानीवर जाणार नाही. जाऊ तर मालक म्हणून जाऊ.

या विचाराची ज्यास एकदा बाधा झाली, त्या इसमास प्रस्तुत लेखापुरते आपण नाना म्हणू. वस्तुतः हे एका व्यक्तीचे नाव नसून एका वर्गाचे आहे. लाइन आळीत जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत एखादा नाना असतो, नवीन पनवेलच्या सेक्टरांत अनेक असतात, आणि खांदा कॉलनीत तर एकाच जिन्यावर राहणारे दोन नाना एकमेकांशी बोलेनासे झाल्याचे उदाहरण आहे, कारण दिवाळीत एकाला महाबळेश्वर मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही. वय साठीच्या अलीकडेपलीकडे, निवृत्तिवेतन सुरळीत, रक्तदाब किंचित चढा, गाडीवर एमएच ४६. आणि लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात सात-बाराचे उतारे, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद व त्यांच्या पंक्तीस बसवलेले, सोनेरी अक्षरांनी नटलेले हॉलिडे क्लबच्या मेंबरशिपचे जाडजूड बाड.

हा तिसरा दस्तऐवज पहिल्या दोहोंच्या पंक्तीस कसा बसला, हे कळण्यासाठी या मुलुखाचा इतिहास ध्यानी घ्यावा लागतो. सिडकोने नव्या मुंबईसाठी संपादन केलेल्या जमिनींपैकी साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत मिळावी, हा हक्क येथल्या लोकांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवलेला आहे. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात त्यापायी माणसे गोळीबारात पडली आहेत. तेव्हा अपूर्णांकातली मालकी ही येथे चेष्टेची गोष्ट नाही. शंभरातले साडेबारा राहिले तरी त्या साडेबारावर ताठ मानेने उभे राहण्याची ज्या तालुक्याला सवय, त्या तालुक्यातल्या मनुष्यास वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी सात दिवसांची मालकी कोणी देऊ केली, तर ते प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी भरते, हा हिशोब त्याच्या डोक्यात येत नाही. 'मालकी' एवढेच येते.

देऊ केली ती अशी. पनवेलमधल्या एका मॉलमध्ये नानींनी साबण आणि शेंगदाणे घेतले असता एका टाय लावलेल्या तरुणाने त्यांच्याकडून एक चिठ्ठी भरून घेतली, आणि चौथ्या दिवशी दूरध्वनी आला की, आपणांस भाग्यवान विजेते म्हणून निवडण्यात आले आहे, बक्षीस घेण्यास मात्र पतिपत्नींनी जोडीने यावे. ही जोडीची अट सत्यनारायणाच्या पूजेइतकीच कडक असते आणि तिचे कारणही तितकेच व्यावहारिक आहे : घरी जाऊन बायकोला विचारतो, ही पळवाट बुजवावयाची असते. तेथे थंड सरबत मिळाले, बर्फाच्या डोंगरांचे चित्रपट दाखवण्यात आले आणि चार तासांच्या अवधीत त्या तरुणाने नानांना प्रथम 'सर', मग 'अंकल' आणि शेवटी 'ओनर' म्हटले. पस्तीस वर्षांच्या कारकुनीत ज्यास 'अहो' यापलीकडे संबोधन मिळाले नव्हते, त्याने या तिसऱ्या संबोधनानंतर सही न केली तरच आश्चर्य. बक्षीस म्हणून मिळालेला डिनर सेट अद्याप माळ्यावर आहे. पंचवीस वर्षांचा करार झाला; त्यावर दरसालचे मेंटेनन्स निराळे, आणि ते खोली मिळो वा न मिळो, भरावयाचेच. बारीक अक्षरांतल्या मजकुरात मालकी हा शब्द कोठेही नसून केवळ 'वापराचा हक्क' असा उल्लेख आहे, हे नानांच्या चिरंजीवांनी पुढे भिंग घेऊन दाखवले, तेव्हा नानांनी भिंगच कपाटात ठेवून कुलूप लावले.

ही कल्पना मूळची युरोपातली. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात बर्फावर घसरावयास येणाऱ्या लोकांना, दरवर्षी खोली भाड्याने घेण्याऐवजी तिचा एक आठवडाच विकत घ्या, असे सांगावे, हे एका उद्योजकास सुचले. १९७४ साली अमेरिकेत असे आठवडे आपसांत बदलून देणारी संस्था निघाली. आपल्याकडे १९८६ साली स्टर्लिंगने आणि १९९६ साली महिंद्रांनी हा व्यवसाय आरंभला. नानांचा क्लब यांपैकी की आणखी तिसराच, हे मी येथे लिहीत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट होण्याच्या बेतात असल्याने नावनिशी कोठेही उघड करू नये, अशी नानांची सक्त ताकीद आहे.

परंतु युरोपियनांनी यात फार मोठा शोध लावला असे मात्र मला वाटत नाही. वर्षाचे तुकडे पाडून ते वाटून घेण्याची विद्या आपल्या अंगी मुरलेली आहे. एका विहिरीवर चार भावांच्या पाण्याच्या पाळ्या असतात. देवळातल्या पूजेच्या आणि उत्पन्नाच्या पाळ्या कुळाकुळांत वाटलेल्या असतात, आणि त्या पाळ्यांना माणूस किती घट्ट धरून राहतो याची साक्ष पंढरपूर देईल, जेथे बडवे-उत्पातांचे हक्क संपवणारा कायदा १९७३ साली झाला आणि त्याचा अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून लागावयास २०१४ चा जानेवारी उजाडला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कुलकर्ण्यांची वतने पाठोपाठ गेली, पण वतनदाराचा पिंड कोणत्याही कायद्यास रद्द करता आला नाही. तो नव्या सनदेची वाट पाहत राहिला आणि ती त्यास मॉलमध्ये मिळाली. खुद्द नानांच्या घराण्याचा गणपती चार भावांत पाळीने फिरतो. दर चौथ्या वर्षी तो नानांकडे येतो, आणि मधली तीन वर्षे तो आपल्याकडे का नाही, अशी तक्रार नानांनी कधी कोणाकडे केल्याचे ऐकिवात नाही. रिसॉर्टची खोली तीन वर्षे न मिळाल्याबरोबर मात्र त्यांनी वकिलास फोन केला.

खोली न मिळण्याचे कारण गूढ नाही. मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात ज्याला त्याला जावयाचे असते. महागड्या हंगामाचे मेंबर आधी, स्वस्त हंगामाचे नंतर, असा दर्जाक्रम क्लबाने लावलेला असतो. आणि नानांनी चार पैसे वाचवावे म्हणून जो हंगाम घेतला, त्यात मिळणारे आठवडे प्रायः असे असतात की, त्या काळात त्या त्या गावचा रहिवासीसुद्धा दुसरीकडे जाण्याच्या विचारात असतो. ऐन जुलैत कोकणचा समुद्र, ऐन मेमध्ये राजस्थान. तरीही नाना ज्या ठिकाणी कधी गेलेले नाहीत, त्या ठिकाणांविषयी ते ज्या आत्मीयतेने बोलतात ती ऐकण्यासारखी असते. कोणी म्हणाले की, आम्ही मनालीस जाऊन आलो, तर नाना अदबीने विचारतात, "कुठं उतरलात? हॉटेलात? अरेरे. तिथं आमचं आहे." उटीला त्यांचे आहे, मुन्नारला त्यांचे आहे, गोव्यात तर दोन ठिकाणी आहे. भाड्याने खोली घेणाऱ्या मनुष्याकडे ते ज्या दृष्टीने पाहतात, त्या दृष्टीने पूर्वीचा खोत कुळाकडे पाहत असावा.

येथवर सर्व ठीक होते, म्हणजे नेहमीसारखे वाईट होते. पण नानांचा नातू सात वर्षांचा झाला आणि वार्षिक पासाचे प्रकरण उपस्थित झाले.

रायगड जिल्ह्यात ज्याचे बालपण आता जात आहे, त्या मुलास देवगिरीचा यादव ठाऊक नसेल. राजासॉरस ठाऊक असतो. मागल्या पिढीची मुले १९८९ साली निघालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डची स्वप्ने पाहत आणि तेथे जाण्यास बोट लागत असल्याने ती स्वप्ने बहुधा स्वप्नेच राहत. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीस इमॅजिका उभे राहिले आणि थीम पार्क नावाची वस्तू पनवेलच्या पोरांच्या आवाक्यात आली. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या राजासॉरस नावाच्या आपल्या देशी डायनोसॉरच्या अंगावर तेथे माणसे होडीत बसून चालून जातात, आणि नायट्रो नावाच्या लोखंडी मार्गावर पैसे देऊन उलटी टांगली जातात. नातवाने हे एकदा पाहिले व त्यास रोज पाहावेसे वाटू लागले. कोणा वर्गमित्राजवळ कोणत्याशा पार्कचा वार्षिक पास असल्याचे त्याने घरी येऊन सांगितले, तेव्हा नाना आरामखुर्चीतून हसले. "वेड्या," ते म्हणाले, "पास भाडोत्र्यांना लागतो. आपण ओनर आहोत. आपल्याला तो असणारच."

तो नव्हता. क्लबाने असे कळवले की, पार्क हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. पार्कच्या खिडकीवरल्या मुलीने, जिच्या सौजन्याबद्दल नानांचीही तक्रार नाही, असे सांगितले की, पास कोणीही घेऊ शकतो, फक्त यंदाची मर्यादित विक्री संपली. आणि पास मिळाला असता तरी शनिवार, रविवार, दिवाळी, नाताळ व मे महिना हे दिवस त्यातून वगळलेले आहेत. या उत्तरातला वगळलेल्या दिवसांचा भाग नानांना तितकासा लागला नाही. त्यांची सवय होती. त्यांना लागला तो 'कोणीही' हा भाग. जो पास कोणीही घेऊ शकतो तो आपणांस नाकारला जावा, आणि आपण ओनर असल्याची त्या खिडकीस दखलही नसावी, यापरता मानभंग कोणता?

पुढल्या वर्षी विक्री सुरू झाली त्या पहाटे नानांनी तीन पास घेतले, आणि खरा पेचप्रसंग तेथून पुढे उद्भवला. सांगडेवाडी असो की आणखी कोणते पार्क, पनवेलहून सकाळी जाऊन रात्री परत यावे, असा साधा मार्ग नानांस मंजूर नव्हता. पार्काजवळच्या क्लबाच्या खोलीत मुक्काम करून, मालकाच्या इतमामाने, फाटकात शिरावे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी भिंतीवरचे 'कालनिर्णय' खाली उतरवले. क्लबाच्या खोल्या मिळण्याजोगे दिवस हिरव्या पेन्सिलीने, पास चालण्याजोगे निळ्या, नातवाची शाळा व सूनबाईंची रजा लाल, आणि चिरंजीवांच्या कचेरीतले वर्षाखेरचे हिशोब काळ्या, अशा खुणा करीत ते दोन संध्याकाळी बसले होते. अखेरीस सर्व रंग ज्या चौकटीत एकत्र आले अशी एक जागा निघाली. मंगळवार ते गुरुवार, सलग तीन दिवस. नानांनी विजयी मुद्रेने नानींना हाक मारली. नानींनी चष्मा लावून पाहिले आणि शांतपणे सांगितले, "पितृपक्ष आहे. गुरुवारी सर्वपित्री."

यानंतर नानांच्या तक्रारीस जे तात्त्विक अधिष्ठान प्राप्त झाले, त्याचे श्रेय त्यांच्या पुतणीच्या यजमानांस दिले पाहिजे. हे जावईबापू अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या एडिसन गावी राहतात आणि डिस्नेने १९९१ साली काढलेल्या तेथल्या क्लबाचे हिस्सेदार आहेत. हिस्सा म्हणजे बाकायदा नोंदलेले खत, मुदत संपेपर्यंत विकता येणारे व वारसास देता येणारे. नाना त्याची प्रत चहाच्या टेबलावर ठेवून पाहुण्यांस दाखवतात. डिस्नेने फ्लोरिडातल्या आपल्या पार्कांचे चार प्रकारचे वार्षिक पास २०२१ च्या सप्टेंबरात विक्रीस काढले आणि तीन महिने होण्यापूर्वी, २१ नोव्हेंबरला, एक वगळता सर्वांची नवी विक्री थांबवली. तो एक पास सर्वांत स्वस्त, तेव्हा ३९९ डॉलरचा, बहुतांशी सोमवार ते शुक्रवार चालणारा, आणि फ्लोरिडाच्या रहिवाशांखेरीज कोणास न मिळणारा. विक्री पुन्हा खुली झाली ती २० एप्रिल २०२३ रोजी. मधल्या दीड वर्षात हजारो डॉलर ओतून पार्काच्या दारात वाडा बांधून बसलेले जावईबापूंसारखे हिस्सेदार, पास संपला असला वा घ्यावयाचा राहिला असला तर, रोजच्या तिकिटावर रांगेत उभे राहिले. आणि पासवाल्यांनाही त्या काळात त्या दिवसाची जागा आगाऊ राखून ठेवल्याखेरीज फाटकातून आत घेत नसत.

या विषयावर दर रविवारी रात्री पनवेल आणि एडिसन यांच्यामध्ये जी मसलत चालते, ती मी एकदा ऐकली आहे.

"काका, तिथं निदान कारण तरी सांगतात," जावईबापू म्हणाले. "गर्दी आवरायची आहे म्हणून."

"ते असू द्या, जावईबापू. तुम्हाला का नाही मिळाला? तुम्ही मालक, पण स्थानिक नव्हता. बरोबर?"

"बरोबर."

"फ्लोरिडातल्या माणसाला का मिळाला? तो मालक नव्हता, पण स्थानिक होता. मग मला सांगा, मी मालकही आहे आणि स्थानिकही आहे. मला तर दोन मिळायला हवेत!"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. न्यायशास्त्रात या युक्तिवादास काय म्हणतात मला माहीत नाही, परंतु पनवेलच्या सार्वजनिक जीवनात त्यास आधार आहे. २०१५ च्या जानेवारीत खारघरचा टोलनाका सुरू झाला तेव्हा, आम्ही येथले, आम्हांस टोल कसला, असा जो आवाज या भागातून उठला, त्यात नाना पहिल्या फळीत होते. आणि रस्ता ज्यांच्या दारावरून जातो त्यांचा त्या रस्त्यावर जादा हक्क, हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर, ज्यांच्या दारावरून पार्काकडे जाणाऱ्या गाड्या जातात त्यांचा पार्कावर जादा हक्क का नसावा, हे मलाही पटकन सांगता येणार नाही.

मग अर्ज लिहिला गेला. नानांची हयात सरकारी दप्तरात गेली असल्याने त्यांच्या लेखणीस तेथली जुनी भाषा वश आहे. 'अर्जदार मजकूर हा सदरहू क्लबाचा हिस्सेदार असून मौजे पनवेलचा कायम रहिवासी आहे; त्याजला वार्षिक पासाबाबत जी वागणूक देण्यात आली, ती येणेप्रमाणे', अशी सुरुवात करून त्यांनी अकरा पाने भरली आणि अखेरीस चार मागण्या नोंदवल्या : कायम पास, मालकांसाठी निराळी रांग, वगळलेले दिवस वगळण्याचा हुकूम, आणि मानसिक त्रासापोटी नुकसानभरपाई. नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, म्हणजे २०१९ च्या, तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय झाली आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फीही पडत नाही. नानांच्या बाबतीत तो जिल्हा रायगड, आणि आयोगाचे ठिकाण अलिबाग.

अर्ज तयार होऊन बराच काळ लोटला. मी एकदा विचारले, तेव्हा नाना म्हणाले, "अलिबागला जायचं आहे."

"एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल."

"घाईत फिर्याद दाखल करू नये. आदल्या रात्री मुक्काम करून, शांत डोक्याने सकाळी कचेरीत जावं. अलिबागला आमचं आहे."

"मग?"

"वेटिंगवर आहे."

अर्ज संगणकावरूनही पाठवता येतो, हे मी सुचवले. नानांनी माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी त्यांना लग्नाच्या अक्षता टपालाने टाकावयास सांगितले होते. भाड्याने खोली घेऊन राहावे, हेही मी बोलून पाहिले; त्यावर नानीच आतून म्हणाल्या की, ते मेले तरी करणार नाहीत.

मध्यंतरी क्लबातून एका सोमवारी फोन आला. कोणीतरी आयत्या वेळी बेत रद्द केल्याने अलिबाग नव्हे, पण पार्काच्या जवळची खोली त्याच आठवड्यात रिकामी झाली होती. शाळेस कसलीशी सुट्टी होती, सूनबाईंची रजा शिल्लक होती, पासही त्या दिवशी चालत होता आणि पंचांगात काही वावगे नव्हते. घरात आनंदीआनंद झाला. नातू बॅग भरू लागला. नाना मात्र खुर्चीत बसून अस्वस्थपणे अकरा पानांचा अर्ज चाळत होते. पाचव्या कलमात त्यांनी असे नमूद केले होते की, करारापासून आजतागायत अर्जदारास इच्छित स्थळी, इच्छित दिवशी एकदाही खोली मिळालेली नाही. आता हे कलम खोटे ठरणार होते, आणि त्यावर उभी असलेली सहावे ते नववे ही कलमे त्यासरशी कोसळणार होती. त्यांनी क्लबास उलट फोन करून खोली तळमजल्यावर आहे का, असे विचारले. आहे, असे उत्तर आले. पार्क दिसते का? दिसते. तेव्हा नाना म्हणाले की, एवढ्या आयत्या वेळी कळवणे हा मालकाचा अपमान आहे, आणि खोली नाकारल्याची लेखी पोच मागवून ती अर्जास परिशिष्ट म्हणून जोडली. नातवास चिरंजीव दुसऱ्या दिवशी एसटीने घेऊन गेले, व ते रात्री दहाला परत आले, असे मला शेजाऱ्यांकडून कळले. राजासॉरस पाहून झाला होता.

मागल्या रविवारी नाना माझ्याकडे आले. हाती ते सोनेरी बाड होते. बराच वेळ वडाळे तलावाच्या सुशोभीकरणाविषयी आणि गाढी नदीच्या पुराविषयी बोलून झाल्यावर त्यांनी मूळ मुद्द्यास हात घातला. दरसालचे मेंटेनन्स वाढत चालले आहे, पंचवीसपैकी पुष्कळ वर्षे अजून बाकी आहेत, आणि माझ्यासारख्या सज्जन मनुष्याने आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांतून दिवस काढावे, हे त्यांच्या मनास रुचत नाही. सबब त्यांनी आपल्या सात दिवसांपैकी तीन दिवस मला देण्याचे ठरवले आहे. चार त्यांच्याकडे राहतील. खर्च त्याच प्रमाणात. बाहेर मात्र दोघांनीही पूर्ण मालक म्हणावे, त्यास त्यांची हरकत नाही.

मी विचारले, "शनिवार-रविवार कोणाच्या वाट्याला?"

"ते पाळीने," नाना म्हणाले आणि खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरले. "पहिलं वर्ष माझं."